वत्सलाताईंचा नकाराचा तास

वत्सलाताई खंडारे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की कौतुकाचे लेख लिहिणारी विद्वान मंडळी अमरावतीत भरपूर आहेत, त्यांना गाठा. मी अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, एवढंच मला येतं. शिवाय ताईंच्या संस्थेत इतकी वर्षं सचिव म्हणून राबून माझं डोकं असं पिकलं आहे, की लेखात गौरव कमी आणि तक्रारी जास्त येतील. अध्यक्षांनी हे जसंच्या तसं ताईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "तक्रारीच लिहा ना हमीदभाई! बाकीचे सारे हार घेऊनच येऊन राहिले. कोणीतरी खरं लिहा." तेव्हा पुढे जे काही येईल त्याला खुद्द सत्कारमूर्तींची परवानगी आहे. वाचकांनी मला बोल लावू नये.

ताईंची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. दिवस उन्हाळ्याचे होते. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. त्या दिवसांत पंपांच्या आणि कूलरच्या मोटारी एकदमच जळतात, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात छत्री मिटवत एक बाई आत आल्या. मागे मेळघाटातला एक किडकिडीत मुलगा. बाईंनी प्यायला पाणी मागितलं. मी ग्लास दिला, तर पिण्याआधी त्यांनी तो कुठून भरला ते वाकून पाहिलं. मग विचारलं, "संडास कोठी आहे?" मी बाजारामागच्या सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवलं.

"तुमचे कारागीर बी तिथंच जातात?"

"जातात की."

"मंग नाही जमत. चाल रे." आणि मुलाला घेऊन त्या निघाल्यासुद्धा.

मी तसाच हातातला पाना घेऊन दारात गेलो. म्हटलं, "अहो बाई, जमत नाही म्हणजे काय? मी कोणाला कामावर ठेवतो म्हणालो का?" त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमाले पोट्टं पायजे असं कळलं होतं. पोट्ट्यासाठी मी जागा पाहाले आली होती. जागा पाह्यली." ही त्यांची बोलण्याची पद्धत. समोरच्याने रागावावं की हसावं, हे त्या त्याच्यावर सोडतात.

घरी जाऊन मी हा प्रकार चवताळून सांगितला. आमच्या मंडळींनी, म्हणजे सलमाने, पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मैं भी तो शादी से यही बोलती आई. तब कान में रूई थी क्या?" पावसाळ्याच्या आत दुकानामागे संडास बांधून झाला. तो ताईंमुळे बांधला नाही, हे मी बाजारात ज्याला त्याला सांगत होतो. कोणी विचारत नव्हतं तरी सांगत होतो. बांधकामाचा चुना वाळायच्या आत ताई तोच मुलगा घेऊन हजर. त्यांना खबर कोणी दिली हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही, पण सलमा त्या दिवशी जरा जास्तच आनंदात होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताई भातकुलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. लोक निवृत्तीनंतर घर बांधतात, मुलाकडे पुण्याला जातात. ताईंनी अमरावतीत राजापेठेत, एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि त्यांना 'मुक्काम' असं नाव दिलं. मेळघाटातून, बैतूलकडून, मराठवाड्यातून, पार बिहारातूनसुद्धा कामासाठी आलेली तरुण पोरं-पोरी अमरावती आणि अकोला या दोन शहरांत असतात. इमारतींवर, हॉटेलांत, फरशीच्या कामावर, डाळमिलमध्ये. त्यांचं शिक्षण पुन्हा सुरू करायचं, हाताला नीट हुन्नर द्यायचा आणि मगच कामाला लावायचं, हा ताईंचा उद्योग. आज त्यांची मुलं-मुली कुठे कुठे आहेत ते इतर लेखक सांगतीलच. मला त्यांनी सचिव म्हणून त्यात ओढलं, तेव्हा मी त्या उद्योगाचा त्रास सांगतो.

पहिला त्रास म्हणजे फोन. पहाटेची नमाज आटोपून मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच फोन वाजतो. "नमाज झाली ना? म्हणजे उठलेच आहात." त्यानंतर दिवसाची कामं. अमुकला पातूरला कामावर पाठवायचं आहे, मालक कसा आहे ते पाहून या. तमुकची परीक्षा आहे, त्याच्या सेठशी बोला. ईदच्या दिवशीही फोन येतो. आधी मुबारक देतात आणि मग काम सांगतात.

दुसरा त्रास असा, की शिकलेल्या मुलाने आपलं काम ताईंना शिकवून दाखवलं पाहिजे. ताईंना शिकवता आलं तरच तो शिकला, नाहीतर नाही. त्यामुळे ताईंना सगळ्या विद्या थोड्या थोड्या येतात, आणि थोडी विद्या किती घातक ते मी जाणतो. 'मुक्काम'च्या वर्गातला पंखा त्यांनी एका मुलाच्या देखरेखीखाली स्वतः दुरुस्त केला. जोडणी उलटी झाली आणि पंखा उलटा फिरू लागला. वारा खाली यायचा सोडून छताला लागतो. मी दोन मिनिटांत सरळ करून देतो म्हटलं, तर नाही. "ज्यानं शिकवलं त्यालेच चूक सापडू द्या." त्या मुलाला चूक सापडेपर्यंत आम्ही सगळे घामाघूम होऊन बसत होतो.

पण या सगळ्याहून वरचा त्रास म्हणजे ताईंचा रविवारचा तास. मुलं त्याला नकाराचा तास म्हणतात. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण पुढे जे झालं ते या तासातूनच झालं.

ताईंचं म्हणणं असं, की परगावाहून कामाला आलेल्या पोराला 'नाही' म्हणता येत नाही. मालकाने म्हटलं, तुझं आधार कार्ड माझ्याकडे राहू दे, तर तो म्हणतो, हो साहेब. सुट्टीच्या दिवशी घरी ये आणि गच्ची धुऊन दे, तर हो साहेब. परीक्षा कसली, माल उतरवायचा आहे, तर हो साहेब. असं होता होता एक दिवस त्याच्याने सहन होत नाही आणि तो न सांगता पळून जातो. मालक म्हणतो, ही बाहेरची पोरं अशीच बेभरवशाची. पुढच्या पोराला तो आणखी दाबून ठेवतो. "पळून जाणं म्हणजे नकार नोहे," ताई म्हणतात. "नकार समोर उभं राहून द्या लागते. आन् ते शिका लागते, सायकलीसारखं."

तर दर रविवारी खाली शिकवणीत मुलं भौतिकशास्त्राची सूत्रं घोकत असतात आणि वर आमचा हा तास चालतो. एक खुर्ची असते, तिच्यात सेठ बसतो. सेठ कोण? मी. "तुमी खरेच सेठ आहात, तुमाले नाटक कराचं काम नाही," असं सांगून ताईंनी मला त्या खुर्चीत बसवलं ते बसवलंच. मी दरडावायचं, गोड बोलायचं, लालूच दाखवायची, आणि पोराने नाही म्हणायचं. त्याचे ताईंनी नियम केले आहेत. खाली बघायचं नाही. आवाज चढवायचा नाही. खोटं कारण द्यायचं नाही. या पोरांच्या आज्या कामाच्या दिवसांत फार मरतात. आणि एकदा नाही म्हटलं की थांबायचं. "नाही म्हटल्यावर जो बडबड करत राह्यते, तो शेवटी हो म्हणते. चूप राहाले शिका." ज्याला हे साधलं त्याच्यासाठी सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. मग मी खुर्चीत हरलेला सेठ, आणि माझ्याभोवती टाळ्या.

याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. संडासाच्या परीक्षेत मला पास करून ताईंनी ज्याला माझ्याकडे ठेवलं होतं, तो संतोष, ऐन हंगामात एका सोमवारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, उद्या लवकर ये, पंपांचा ढीग पडला आहे. तो म्हणाला, "नाही भाई. उद्या पेपर आहे." आणि गप्प. माझ्याकडे बघत, हात बाजूला सोडून, अगदी नियमाप्रमाणे गप्प. आदल्याच दिवशी मी त्याच्याकडून याची तालीम करून घेतली होती! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण दर रविवारी अकोल्याहून अमरावतीला जाऊन मारून घेणारा मी एकटाच असेन. संतोष पेपरला गेला, पास झाला आणि आज अमरावतीत एका मोठ्या इमारतीची सगळी वीज सांभाळतो. बाजारातले दुकानदार मला अजून म्हणतात, "हमीदभाई, तुमच्या त्या बाईनं पोट्टे बिघडवून ठेवले." मी म्हणतो, बिघडवले खरे. पण बिघडलेल्यांपैकी न सांगता पळालेला एकही माझ्या पाहण्यात नाही.

माझी सलमा अमरावतीच्या दवाखान्यात होती तेव्हाचं सांगितल्याशिवाय पुढे जाणं कृतघ्नपणा होईल. ऑपरेशन मोठं होतं. मी दुकान बंद करून तिच्या उशाशी बसून होतो आणि अजिबात जागचा हलत नव्हतो. ताई आल्या, माझ्या हातात डबा दिला आणि सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं. "आरशात तोंड पाह्यलं का? ती बरी होऊन राहिली आन् तुमी आजारी पडून राहिले. उठा, झोपा जाऊन." त्या दिवसापासून 'मुक्काम'च्या मुलींनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. सलमाची वेणीफणी, औषधं, तिच्याशी गप्पा मारणं, सगळं त्यांनी केलं. डब्यातली भाजी मात्र अशी तिखट असायची, की माझ्या डोळ्यांतलं पाणी भाजीमुळे की कशामुळे हे लोकांना कळत नव्हतं, ते बरंच झालं. सलमाला घरी सोडलं त्या दिवशी मी आभार मानायला गेलो. ताई म्हणाल्या, "आभार माना सलमाचे. इतके साल तुमाले सहन केलं." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. तसं केलं असतं तर त्यावरही बोलणी खावी लागली असती.

आता फुलवंती.

राजापेठेत 'मुक्काम'च्या समोर एक इमारत उभी राहत होती. फुलवंती कासदेकरचे आईबाप धारणीकडून तिथे सिमेंटचा गारा वाहायला आले होते, आणि फुलवंती धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगावर बसून असायची. शाळा केव्हाच सुटलेली. ताईंनी तिला आधी वर्गात बसवलं, मग भावाला बसवलं. दहावी झाली, आयटीआय झालं, आणि ती माझ्या दुकानात आली. अकोल्याच्या बाजारात वाइंडिंगच्या दुकानात मुलगी! गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहून विचारायचं, मिस्त्री कुठे गेले? ती म्हणायची, "मीच आहे. मोटार ठेवा." पहिल्या हंगामात लोक मोटार परत उचलून न्यायचे. पुढच्या हंगामात तेच लोक विचारू लागले, ती पोरगी आहे ना आज? तिने भरलेली मोटार पुन्हा जळून आली नाही. मी उस्ताद, पण माझ्या मोटारी परत आल्या आहेत.

मागच्या वर्षी ताईंनी तिच्यासाठी बेत आखला. अमरावतीत इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याला प्रवेश. राहायला ताईंच्या घरी जागा. सुट्ट्यांत माझ्या दुकानात काम, माझी परवानगी गृहीत धरून. सगळं ठरवून झालं. इकडे मीही माझा बेत आखला होता: पातूर रस्त्याला दुसरं दुकान काढायचं आणि ते फुलवंतीने सांभाळायचं. यावरून ताईंचं आणि माझं महिनाभर वाजत होतं. त्या म्हणायच्या, पोरीच्या शिक्षणाच्या आड येऊ नका. मी म्हणायचो, पोरगी तुमच्या वर्गातली असेल पण हात माझ्या दुकानात तयार झाले. दोघंही पिकल्या केसांचे, दोघांनाही तिचं भलं हवं होतं, आणि दोघांपैकी एकालाही तिला विचारायचं सुचलं नाही.

एका रविवारी नकाराच्या तासाला फुलवंतीही आली होती. नव्या मुलांना उत्साह यावा म्हणून ताईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आपली फुलवंती आता इंजिनिअर होणार. फुलवंती उठून उभी राहिली. तिने ताईंकडे सरळ बघितलं.

"नाही ताई. मी धारणीले दुकान टाकून राहिली."

एवढं बोलली आणि गप्प झाली. खाली बघितलं नाही, आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. मागच्या रांगेतल्या एका नव्या पोराला वाटलं हा तासाचाच भाग आहे. त्याने सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणखी दोघांनी वाजवल्या. मग त्यांना ताईंचा चेहरा दिसला आणि टाळ्या थांबल्या. मी सेठच्या खुर्चीत होतो. तिथून उठावं की बसून राहावं, मला कळेना.

ताईंनी तास संपवला. फुलवंती धारणीला गेली तेव्हा त्या तिला निरोप द्यायला आल्या नाहीत. पहाटेचे फोन चालू होते, जगातल्या सगळ्या विषयांवर त्या बोलायच्या, पण फुलवंतीचं नाव काढायच्या नाहीत. मला त्यांचा संताप आला. मी म्हटलं, ताई, आपणच शिकवलं आणि आपल्याच अंगावर आलं, तर इतका राग? त्या म्हणाल्या, "राग नाही हमीदभाई. भेव वाटते."

तेव्हा मला त्यांच्या घरची गोष्ट कळली. ताईंचे आईवडील हंगामात भातकुलीकडून अकोल्याच्या कापूस जिनिंगमध्ये कामाला यायचे, पोरांसकट. दरवर्षी शाळा तुटायची. एका शिक्षिकेने वत्सला आणि तिची धाकटी बहीण शांता, दोघींना अमरावतीच्या वसतिगृहात ठेवून घेतलं. शांताला करमेना. पुढच्या साली येते म्हणून ती आईसोबत परत गेली, आणि ते पुढचं साल कधी आलं नाही. 'मुक्काम'मध्ये आम्हा सगळ्यांना चहा करून देणाऱ्या, ताईंसोबत राहणाऱ्या शांतामावशी त्या याच. त्यांना आजही एसटीची पाटी कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागते. "परत गेलेलं लेकरू शाळेत वापस येत नाही," ताई म्हणाल्या. "मी घरात पाह्यलं आहे."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुकानात सगळ्यांवर उगाच ओरडत राहिलो.

हिवाळा सुरू झाला तशी एके पहाटे विचारणा झाली. "गाडी आहे का रिकामी? धारणीले जाऊन येऊ." रिकामी नव्हती, पण हे ताईंना सांगून उपयोग नसतो. मी अकोल्याहून अमरावतीला गेलो, त्यांना घेतलं आणि परतवाड्याहून घाटाला लागलो. त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत. प्रत्येक वळणावर त्या 'बाप्पा!' म्हणायच्या आणि गाडी हळू घेतली की विचारायच्या, इतकी हळू कावून चालवता? बरोबर आणलेल्या भाकरी त्यांनी मला घाटात थांबूही न देता खायला लावल्या. त्या प्रवासावर वेगळा लेख होईल आणि तो छापण्याजोगा नसेल.

फुलवंतीचं दुकान बाजाराच्या कडेला, पत्र्याचं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. ती एका म्हाताऱ्या बाबांशी घरच्या कोरकू बोलीत बोलत पंपाची मोटार भरत होती. माझ्या दुकानात ती मराठी आणि हिंदीत जेमतेम बोलायची. इथे तिचं बोलणं थांबत नव्हतं आणि बाबा हसत होते. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली कोपऱ्यात बसून जुनी तार सोडवत होत्या. आम्हाला पाहून फुलवंतीचा चेहरा फुलला, पण ती उठली नाही. "बसा ताई. हातातला फेरा सोडता येत नाही." बरोबर आहे, मध्ये सोडलं की मोजणी चुकते. ताई एका खोक्यावर बसल्या. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतका वेळ काही न बोलता बसलेलं पाहिलं नव्हतं.

फेरा संपवून फुलवंतीने चहा मागवला. ताईंनी विचारलंच. "पुस्तक उघडते का कधी?"

"उघडते ना. या दोघीह्यले गणित शिकवा लागते, तं आधी मले करा लागते." मग तिने हात पुसले आणि बाकावरच्या माणसांकडे पाहत म्हणाली, "ताई, अठी मोटार जळली का परतवाड्याले न्या लागे. तोवर पाणी बंद. गहू वाळून जाये. माह्या बापानं तसंच वावर टाकलं आन् अमरावतीत गारा वाह्यला. तुमी आमाले शहरात ताठ राहाले शिकवलं. पण अठी राहाले कोण शिकवन?"

ताई बाकावरच्या माणसांकडे बघू लागल्या.

"तुमाले वाटते मी शिकणं सोडलं," फुलवंती म्हणाली. "मी शिकूनच राहिली ताई. तुमी येऊन पाहून नाही राहिल्या."

मला वाटलं, आता ताई तिला झापणार. निदान डिप्लोम्याची जागा, तारीख, शांतामावशी, सगळं पुन्हा ऐकवणार. मी मनातल्या मनात सलमाने शिकवलेली दुआ म्हणायला घेतली. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. त्या म्हणाल्या, "तुह्या मनात काय आहे फुला? डिप्लोमा करावा का नाही? तुले काय वाटते?"

वाचकहो, इतकी वर्षं मी या बाईंसोबत आहे. त्यांनी मालकांना जाब विचारले, साहेबांना सवाल केले, मला तर रोज पहाटे विचारतात. पण आपल्या एखाद्या लेकराला 'तुला काय वाटतं' असं विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. फुलवंतीलाही ते अपेक्षित नसावं. नाही म्हणायची तालीम तिने पुष्कळ केली होती, याची केली नव्हती. ती म्हणाली, "इचार करून सांगते."

"कर," ताई म्हणाल्या.

त्यानंतर काय झालं असेल याचा अंदाज ताईंना ओळखणाऱ्यांना आलाच असेल. आता दर महिन्याला त्या एसटीने धारणीला जातात. डॉक्टरांनी घाटाचा प्रवास बंद सांगितला आहे. डॉक्टरांना त्यांनी नियमाप्रमाणे, आवाज न चढवता, नाही म्हटलं. तिथे दोन दिवस राहून त्या फुलवंतीच्या दुकानातल्या मुलींचं गणित घेतात. वाइंडिंगही शिकत आहेत, तेव्हा धारणीकरांनी सांभाळून राहावं. माझं एक जुनं, पण उत्तम चालणारं वाइंडिंगचं मशीन त्यांनी मला न विचारता फुलवंतीला कबूल केलं आणि ते मीच नेऊन पोचवलं. या सत्काराची समितीने ठरवलेली पहिली तारीख त्यांच्या धारणीच्या दिवसांत येत होती, म्हणून ती बदलावी लागली. पत्रिका पुन्हा छापताना अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने मी गेली कित्येक वर्षं ताईंकडे पाहतो आहे.

फुलवंतीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी न राहवून परवा म्हटलं, ताई, प्रवेशाचे दिवस जवळ आले, एकदा विचारून तरी घ्या. तर म्हणाल्या, "मी विचारलं आहे. आता तिनं सांगावं." हे बोलताना त्यांना किती कष्ट पडत होते ते फोनवरसुद्धा कळत होतं. गप्प बसणं त्यांना कधी जमलं नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी ते त्या शिकत आहेत, आणि मला छळून शिकत आहेत.

तेव्हा परवरदिगाराकडे माझं एवढंच मागणं आहे. ताईंच्या गुडघ्यांना घाट चढायचं बळ दे. त्यांचा पहाटेचा फोन चुकू देऊ नकोस. एखाद्या दिवशी तो उशिरा आला तर माझा चहा गार होतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. फुलवंतीला विचार करायला हवा तेवढा वेळ मिळो, आणि तेवढा वेळ वाट पाहायला ताईंना भरपूर आयुष्य मिळो.